बशीतला चहा

डोंबिवली लोकल पकडण्याआधी टपरीवर कटिंग मारणं हे धाडसाचं काम आहे. चहा उकळता, इंडिकेटरवर गाडी लागलेली. अशा वेळी माणूस जीभ सोडतो, पण खिडकी सोडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये सांगितलं, की 65 अंश सेल्सिअसच्या वरचं कढत पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतं. दोष चहाचा नव्हे, कढतपणाचा. म्हणजे आमचे आजोबा बशीत ओतून, फुंकर घालून फुर्र करत प्यायचे, तेच बरोबर. आम्हीच त्यांना चारचौघांत गप्प बसवलं. आता कागदी कप आले. त्यांना बशी कुठली?

तळणाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं. बटाट्यासारखा पिठूळ पदार्थ 120 अंशांच्या वर तळला-भाजला की त्यात अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं, हे 2002 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने कर्करोग होतो. माणसांच्या आहाराबाबत पुरावा अजून ठाम नाही. उकडण्यात ते जवळपास होतच नाही, म्हणून उकडीचा मोदक सुटला. बटाट्याच्या काचऱ्या मात्र जितक्या काळपट, तितक्या संशयित. आणि आमच्या घरी कढईच्या तळाला लागलेल्या काचऱ्यांवरूनच भांडणं होतात! ठाणे स्टेशनबाहेरच्या कुंजविहारच्या जंबो वड्याची बाजू मी जरूर मांडीन: आतला बटाटा उकडलेलाच असतो. तेलाबद्दल विचारलंत तर वकील गप्प.

आमच्या सोसायटीतले एक काका व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक पदार्थ बाद करतात. मध्यंतरी त्यांनी जाहीर केलं, कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत सॉसेज आणि सिगारेट एकाच, पहिल्या गटात, म्हणून दोन्ही सारखीच घातक. खरं तर तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. धोका पाहायचा तर सिगारेट कितीतरी पुढे. याच पहिल्या गटात सुपारीही आहे, तंबाखूशिवायची, साधी, जेवणानंतर अडकित्त्याने कातरून खायची.

हे सगळं मी त्यांना लिफ्टपाशी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं, तोंडातलं गालात सरकवलं आणि खिशातली डबी उघडून पुढे केली.

"घ्या हो, वडापावपेक्षा बरी. रोठा सुपारी आहे, घरी कातरलेली."