खांद्यावर काहीही न घेणाऱ्या विमानमालकांस

अमेरिकेतल्या जुन्या खासगी विमानांच्या समस्त मालकांस,



सर्वप्रथम आपल्या करारी बाण्याचं अभिनंदन. 18 जुलै 1978 नंतर बनलेल्या छोट्या विमानांच्या पुढच्या सीटांना खांद्यावरचा पट्टा सक्तीचा झाला. आपली सेसना, पायपर, बोनान्झा त्याआधीची. कायदा आपल्याला हात लावू शकत नाही आणि आपण पट्ट्याला हात लावत नाही. कमरेचा पट्टा आवळला की निघाली स्वारी!

बाकी विमानाच्या लाडात कसर नाही. नवा जीपीएस, भारीतले हेडसेट, चामड्याच्या सीटा, रंगाचा ताजा हात. शनिवारी दुसऱ्या गावच्या धावपट्टीवर बर्गर खायला जायचं आणि पेट्रोलचा खर्च धरून त्याला स्वतःच कौतुकानं ‘शंभर डॉलरचा बर्गर’ म्हणायचं. पट्ट्याचा विषय निघाला की मात्र आपल्यातला काटकसरी गृहस्थ जागा होतो.

इंजिन बंद पडून विमान मक्याच्या शेतात उतरवावं लागलं, तर कंबर सीटला धरून राहते आणि वरचा अर्धा माणूस पुढे निघतो. समोरची मांडणी आपल्या रोजच्या बघण्यातली आहे: छातीच्या रेषेत पॅनेलमधून बाहेर आलेला यॉकचा, म्हणजे सुकाणूचा, दांडा, त्याच्यावर काचेच्या डायलींची रांग, मधोमध थ्रॉटलचा नॉब. डोकं नेमकं कशावर आपटायचं, याचं स्वातंत्र्य फक्त आपल्यासारख्यांनाच उरलं आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं 1985 मध्ये पाचशे अपघात तपासून सांगितलं की, दगावलेल्यांपैकी 20 टक्के माणसं खांद्याच्या पट्ट्यानं वाचू शकली असती आणि गंभीर जखमींपैकी 88 टक्क्यांच्या जखमा बऱ्याच हलक्या झाल्या असत्या. पण मंडळाचं काय ऐकायचं? ते अपघातानंतर येतं.

ह्यू डीहेवन हे नाव आपण ऐकलं असेल. पहिल्या महायुद्धात वैमानिकाचं शिक्षण घेताना त्याचं विमान दुसऱ्यावर आदळलं. तो वाचला, पण पट्ट्याच्या बकलनं पोटातली इंद्रियं फाडली, असं त्याचं मत होतं. पुढे त्यानं कॉर्नेल विद्यापीठात अपघातात माणूस नेमका कशानं मरतो याचा अभ्यास केला आणि 1955 मध्ये रॉजर ग्रिसवोल्डसह कंबर आणि खांदा दोन्ही धरणाऱ्या पट्ट्याचं पेटंट मिळवलं. दुखणं विमानातलं, औषध लागू पडलं मोटारीला. अमेरिकेत 1968 पासून नव्या मोटारींच्या पुढच्या सीटांना खांद्याचा पट्टा आला. म्हणजे 1972 च्या सेसनाचा मालक विमानतळापर्यंत खांदा बांधून येतो आणि विमानात बसताना मोकळा होतो. आता खरा धोका टळला, असंच वाटत असावं.

आपल्या अडचणी मी ऐकल्या आहेत. पट्टा लावला की खाली, दोन सीटांमधल्या इंधनाच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही म्हणता. मोटारीतल्यासारखं गुंडाळणारं रीळ मिळतं, हात पोचतो. कागदपत्रांचा जाच? विमानाच्या सांगाड्याला भोक पाडायचं किंवा वेल्डिंग करायचं नसेल, तर हा किरकोळ बदल समजावा, असं अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं, म्हणजे एफएएनं, 2000 मध्येच सांगून ठेवलं आहे. मेकॅनिकनं लॉगबुकात नोंद केली की झालं. (हे पत्रक आपण वाचलं नसेल, समजू शकतो. बर्गर थंड होत असतो.)

एकच विनंती. उद्या उत्साहाच्या भरात पट्टा मागे जमिनीला ठोकून मोकळे होऊ नका. तो खांद्यावरून मागे साधारण आडवा किंवा थोडा वर गेला पाहिजे. खाली ओढला, तर धक्क्यासरशी पाठीचा कणाच दाबला जातो.

आपला,
उजव्या सीटवरचा प्रवासी

ता. क. पट्टा असेल तर टॅक्सी, टेकऑफ आणि लँडिंगला तो लावण्याचं बंधनही आहे. म्हणजे न बसवायला आणखी एक कारण मिळालं!