सावली कुठे पडते?

भाऊकाकांना वास्तुशांतीला बोलवावं की नाही, यावर आमच्या घराण्यात सरळ दोन तट आहेत. बोलवावं म्हणणारे म्हणतात, वडीलधारा माणूस आहे, आहेराचं पाकीटही बरं देतो. बोलवू नये म्हणणारे एवढंच म्हणतात, "ते वर बघतात."

आणि ते खरं आहे. बाकीचे पाहुणे टाइल्स बघतात, ओट्याचा ग्रॅनाइट चाचपतात, गॅलरीतून टेकडी दिसते का ते विचारतात. काका चपला काढतात आणि मान मागे टाकून छताकडे बघत उभे राहतात. चांगले मिनिटभर. मग यजमानाला प्रेमाने विचारतात, "हे कुणी केलं?" त्या 'हे'मध्ये पीओपी, त्यात बसवलेले गोल दिवे, कडेने फिरवलेली पट्टी आणि यजमानाचं थकलेलं कर्ज, सगळं येतं.

"इंटिरिअरवाल्याने."

"अच्छा. पेपर कुठे बसून वाचता?"

यजमान सोफ्याचा कोपरा दाखवतो. काका तिथे बसतात, खिशातून वर्तमानपत्राची घडी काढतात, छोट्या जाहिरातींचं पान उघडतात आणि मोठ्याने वाचायला लागतात. "वधू पाहिजे. सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष... पुढचं लागत नाही बुवा." घडी परत खिशात. परीक्षा संपली, यजमान नापास. उजेड मोजायचं अ‍ॅप काकांच्या मोबाइलमध्ये आहे, पण त्यावर त्यांचा विश्वास नाही. "मोबाइल म्हणतो दोनशे लक्स. असतील. पण वाचायचंय मला, मोबाइलला नाही."

काका जन्मभर पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. ड्रॉइंग बोर्डावर उजेड डावीकडून आला नाही, तर उजव्या हाताची सावली नेमकी आखायच्या रेघेवर पडते, आणि रेघ चुकली की साहेबाच्या शिव्या. सगळी नोकरी ती एक सावली चुकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर ते उरलेल्या जगाच्या सावल्यांमागे लागले. "दिवा कुठे आहे ते मला सांगू नका," हे त्यांचं आवडतं वाक्य, "सावली कुठे पडते ते सांगा."

आमच्या वहिनीच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या समोरच्या, म्हणजे तिच्या पाठीमागच्या भिंतीवर ट्यूब होती. बिल्डरने पॉइंटच तिथे दिला होता. काकांनी दारातच उभं राहून तिला भाजी चिरताना पाहिलं आणि विचारलं, "भेंडी पाठीने चिरतेस का गं?" पाठ लख्ख आणि विळीवर तिचीच सावली. आठवड्याभरात वायरमन घेऊन आले, भिंतीवरच्या कपाटांच्या खालच्या बाजूने, अगदी पुढच्या कडेला, एलईडीची पट्टी बसवून घेतली आणि तिच्यावर दुधी झाकण लावलं, म्हणजे ठिपके डोळ्यांत जाणार नाहीत. वहिनी खूश. दादाचं मत वेगळं आहे. त्याच्या मते पूर्वी अळी दिसत नसे आणि घरात शांतता होती.

न्हाणीघरातल्या आरशावरही त्यांचा राग आहे. दिवा आरशाच्या डोक्यावर असला की उजेड कपाळावर थांबतो, डोळ्यांखाली खड्डे दिसतात आणि दाढी करताना हनुवटीखालचं रान तसंच राहतं. दिवे आरशाच्या दोन बाजूंना, तोंडाच्या उंचीवर हवेत. आमच्या एका मेव्हण्याला त्यांनी साखरपुड्याच्या दिवशी, भर मांडवात, त्याच्या हनुवटीकडे बघून सांगितलं होतं, "तुमच्याकडे आरशाचा दिवा वर आहे." होता.

पंख्याची गोष्ट तर अशी, की ती ऐकल्यापासून मी लोकांकडे गेलो की आधी पंखा बघतो. आत्तेभावाच्या हॉलमध्ये छतातले दिवे बरोबर पंख्याच्या पात्यांवर आले होते. पंखा लावला की उजेड पात्यांनी कापला जायचा आणि अख्खी भिंत लुकलुकायची. घरच्यांना वर्षभर वाटत होतं, व्होल्टेजचा घोळ आहे. स्टॅबिलायझरही आणला होता. काकांनी पंखा बंद करून दाखवला, परत चालू केला, आणि एक शब्द न बोलता जेवायला बसले.

दिव्यांची खरेदी पुण्याच्या तपकीर गल्लीतच. मॉल त्यांना चालत नाही, कारण तिथे दिवा लावून दाखवत नाहीत. दुकानदार म्हणतो, "काका, नऊ वॅट घ्या, लई उजेड." झालं. "वॅट म्हणजे तू मला बिल सांगतोयस. उजेड लुमेनमध्ये सांग." मग खोकं उलटं करून, चष्मा कपाळावर चढवून बारीक अक्षरं वाचणं. जुना साठचा बल्ब साधारण सात-आठशे लुमेन द्यायचा, आता तेवढंच काम नऊ वॅटचा एलईडी करतो, हे ते दर वेळी नव्याने सांगतात आणि दुकानदार दर वेळी नव्याने "हो ना" म्हणतो. त्यानंतर केल्विन. तीन हजार म्हणजे पिवळसर, चार हजार मधला, साडेसहा हजार पांढराफेक. आणि शेवटी खिशातून काकूच्या मरून ब्लाउजपीसचा तुकडा बाहेर येतो. तो पेटत्या दिव्याखाली धरायचा. मरून मरूनच दिसला तर दिवा चांगला, तपकिरी दिसला तर खोकं परत. खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, नव्वद असा लिहिलेला असला तरी परीक्षा तुकड्याचीच. एकदा नव्या पोऱ्याने त्यांना नम्रपणे सांगितलं, "आजोबा, मॅचिंगची दुकानं पुढे, लक्ष्मी रोडला."

पांढऱ्या उजेडावरून त्यांची आमच्या आत्याशी कायमची लढाई आहे, आणि इथे माझं मन थोडं आत्याच्या बाजूने आहे. ज्यांनी चिमणीच्या आणि मग पंचवीसच्या बल्बच्या पिवळ्या उजेडात अभ्यास केला, त्यांच्या घरात पहिली ट्यूब लागली तो दिवस सुबत्तेचा होता. आत्या म्हणते, "पिवळे दिवे लावायला आपल्याकडे काय कमी आहे का?" काका म्हणतात, पंचतारांकित हॉटेलात लोक पिवळ्याचेच पैसे मोजतात. आत्या म्हणते, "म्हणूनच तिथे ताटात काय आहे ते कळत नाही." शेवटी तह झाला : कामाला पांढरा, बसायला पिवळा. काकूने त्या तहात स्वतःचं एक कलम घातलं. जेवणाच्या टेबलावरची जुनी ट्यूब, चोक-स्टार्टरसकट, हलणार नाही. तांदूळ ती त्या ट्यूबखालीच निवडते. काका त्या ट्यूबकडे बघतसुद्धा नाहीत.

काकांचं स्वतःचं घर म्हणाल तर ते दिव्यांच्या हिशेबाने निर्दोष आणि राहायला अवघड आहे. हॉलमधल्या बोर्डावर बटणांची रांग आणि प्रत्येकाखाली ड्राफ्ट्समनच्या सुबक अक्षरात चिठ्ठी : 'वाचन', 'टीव्ही', 'पाहुणे', 'फक्त चहा'. पाहुण्याने चुकून 'टीव्ही' दाबलं तर काका उठून 'पाहुणे' करतात. सगळी बटणं एकदम लावणारा माणूस त्यांच्या लेखी जेवताना सगळे पदार्थ कालवणारा. काकू नेमकी तेच करते. तिन्हीसांजेला देवापाशी निरांजन लावलं की ती बोर्डावरून आडवा हात फिरवते आणि घर एका दमात उजळतं. लक्ष्मी यायच्या वेळेला कोपरे अंधारे नकोत, असं तिचं म्हणणं. काका अर्धा तास गप्प बसतात, मग 'पाण्याला जातो' म्हणून उठतात आणि येताना एकेक बटण बंद करत येतात.

मध्यंतरी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पिकलेली, पिवळी पडलेली नैसर्गिक भिंगं गेली, नवी स्वच्छ आली, आणि घरातले सगळे दिवे त्यांना अचानक निळे दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, होईल सवय. काकांना सवय बिवय मंजूर नव्हती. हिरवी पट्टी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते गल्लीत हजर, खिशात ब्लाउजपीस.

घराबाहेरच्या दिव्यांचं त्यांचं ज्ञान गुहागरच्या पुतण्याच्या बंगल्यावर पणाला लागलं. पुतण्याने गेटवर मोठा फ्लडलाइट लावला होता, येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत, आणि आवारातल्या माडांना खालून हिरवे झोत. काकांनी माडाकडे बघून विचारलं, "याला काय झालंय?" मग पुतण्याला रात्री गेटबाहेर उभं केलं आणि स्वतः फ्लडलाइटच्या मागे जाऊन उभे राहिले. "मी दिसतो का?" दिसत नव्हते. "चोर इथेच उभा राहील, तुझ्या बिलावर." फ्लडलाइट उतरला. त्याच्या जागी खाली तोंड केलेले छोटे दिवे आले, जांभ्याच्या पायऱ्यांवर घोट्याच्या उंचीला (कारण साप-विंचू छताला नसतात), विहिरीच्या वाटेवर, आणि एक मागीलदारी, हालचाल झाली की लागणारा. हा शेवटचा सध्या प्रामुख्याने मांजरासाठी लागतो. पावसाळ्यात पडवीत जेवायला बसलं की पंखवाली वाळवी आमटीत पडायची, तेव्हा पानांवरचा पांढरा दिवा काढून मिणमिणता पिवळा लावला आणि पांढरा लांब फणसापाशी नेला. पाखरं तिकडे गेली. सगळी गेली नाहीत, पण आमटी ओळखू येण्याइतकी गेली. बाहेरच्या प्रत्येक दिव्यावर आयपी ६५, म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याची खूण, लिहिलेली आहे की नाही, हे काकांनी शिडीवर चढून वाचलं. कोकणच्या पावसाला त्याखालचं काही पुरत नाही.

माडाचे हिरवे झोत काढायला पुतण्या तयार नव्हता. तेव्हा काकांनी त्याला पेंच ऐकवलं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, तिथल्या आसपासच्या गावांत रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे तोंड करून बसवले, वगैरे. पुतण्या म्हणाला, "काका, इथे वाघ नाहीत." काका म्हणाले, "तारे आहेत ना?" झोत अजून आहेत. काका उतरले असतील तेव्हा बंद असतात.

एवढं सगळं सोसून आम्ही त्यांना बोलावतो, त्याचं कारण माई. माई त्यांची थोरली बहीण, चौऱ्याऐंशीची. रात्री उठताना दोनदा धडपडली. तिच्या खोलीत जन्मापासून 'झिरोचा' हिरवा बल्ब. जुना झिरोचा बल्बसुद्धा पंधराएक वॅट खायचा, पण उजेड भिंतीवर, पायाखाली काही नाही. काकांनी तिला काही विचारलं नाही. दुपारी सगळे लवंडल्यावर खिडक्या लावून घेतल्या, स्वतः तिच्या खाटेवर आडवे झाले, चष्मा काढला, उठून बसले, पाय खाली सोडले, सपाता चाचपल्या आणि डोळे अर्धवट मिटून भिंतीला धरत संडासापर्यंत गेले. वाटेत उंबऱ्याला ठेचकाळले. तिथे खडूने खूण केली. परत आले, परत आडवे झाले, दुसऱ्या कुशीवरून उठले. साठीच्या डोळ्याच्या आत विशीच्या डोळ्याच्या तुलनेत जेमतेम तिसरा हिस्सा उजेड पोचतो, चौऱ्याऐंशीला तर बोलायलाच नको, असं नंतर आम्हाला सांगितलं. खाटेखाली एक, उंबऱ्यापाशी एक, संडासाच्या दाराशी एक. तिन्ही पिवळे, गुडघ्याच्या खाली, पाऊल पडलं की लागणारे. पहिल्या रात्री माईने रामरक्षा म्हटली. तिला वाटलं, कुणीतरी आहे. त्यानंतर ती पडलेली नाही.

तुमच्याकडेही असा एखादा काका असणारच. त्याला वास्तुशांतीला बोलवू नका. पीओपीच्या आधी बोलवा, भिंती उघड्या असताना, वायरमन पॉइंट काढायला यायच्या दिवशी सकाळी. दोन तास डोकं खाईल, तुम्ही कुठे बसता, कुठे चिरता, कुठे दाढी करता ते विचारेल. खरी उत्तरं द्या. नंतर बोलावलंत तरी येईल तो, पण मग छत फोडावं लागतं.