पाचपैकी पाच तारे

डिस्चार्जचा दिवस. बिल विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीएकडे अडकलेलं, हातातली सुई अजून काढायची आहे, आणि समोर फीडबॅकचा फॉर्म: 'पुन्हा आमच्याकडे याल का?' अशा अवस्थेत 'नाही' लिहायला छाती लागते! रुग्णालयांचा दर्जा ठरवणाऱ्या एनएबीएचच्या मानांकनासाठी रुग्णाचं समाधान मोजावं लागतं. शहाणी रुग्णालयं ते अंतिम बिल दाखवण्याआधीच मोजून घेतात. डिस्चार्जची मंजुरी ३ तासांत द्या, असं विमा नियामकाने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलंय, म्हणजे फॉर्म भरायला निवांत वेळ. पुढच्या दुखण्याला आपण तिथंच जातो, हेही खरं. जुनी फाइल तिथं, कॅशलेस तिथं, पार्किंगवाला ओळखीचा. व्यवस्थापनाच्या अहवालात आपण निष्ठावंत ठरतो. दुसरीकडे गेलो तर एमआरआयपासून सगळं पुन्हा करायला लावतील, हा रकाना फॉर्ममध्ये नसतो.