वाचायला वेळ कुणी खाल्ला?

दरवर्षी १५ ऑक्टोबरला डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीनिमित्त आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. याच महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दुकानं-आस्थापनांमधल्या कामाचे रोजचे तास ९ वरून १०, आणि कारखान्यांतले ९ वरून १२ करायला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच आहे, जादा कामाचे पैसे मिळतील, कामगाराची संमती लागेल, हे कागदावर ठीक आहे. पण साहेबाला ‘नाही’ म्हणून वेळेवर घरी जायची हिंमत किती जणांत असते? प्रेरणा द्यायची आणि वेळ काढून घ्यायचा, हे चालणार नाही.

हल्ली लोक वाचत नाहीत, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. डोंबिवलीहून सकाळची गाडी पकडणारी बाई बघा. खांबाला कोपर अडकवून ती एका हातात पुस्तक धरते, अंगठ्याने पान उलटते, ठाण्याला गर्दी आत घुसली की पुस्तक छातीशी घेते आणि मुलुंड गेलं की पुन्हा उघडते. वाचायची इच्छा आणखी कशी सिद्ध करायची? रोज दहा पानं वाचा, महिन्यात तीनशे पानांचं पुस्तक संपेल, हा सल्ला गणितात बरोबर आहे. त्या दहा पानांसाठी लागणारी सलग वीस मिनिटं मात्र ऑफिसचा ग्रुप, कुकरची शिट्टी आणि मुलांचा अभ्यास यांच्या तावडीतून सुटत नाहीत. बायकांची तर अजिबातच नाहीत.

वेळ फुकट मिळत नाही, मिळवावा लागतो. गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मिळवला. तेव्हा गिरणीत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आठवड्याची हक्काची सुट्टी नाही. लोखंड्यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना बांधली, वर्षानुवर्षं झगडले आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली. हाच माणूस ‘दीनबंधू’ पत्रही चालवत होता. कामगाराला विश्रांती हवी आणि वाचायला पत्रही हवं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. म्हणजे पुस्तकांची सोय आपल्याकडे जुनी आहे, पण कित्येक गावा-उपनगरांतली वाचनालयं दुपारी बंद असतात आणि रात्री आठच्या सुमाराला कुलूप लावतात. नोकरदार स्टेशनाबाहेर येतो तेव्हा शटर अर्धं खाली आलेलं असतं, आत देवघेवीचं रजिस्टर मिटलेलं असतं. दोष तिथल्या ग्रंथपालाचा नाही. तुटपुंज्या अनुदानावर त्याने आणखी किती राबायचं?

तेव्हा मागणी सरळ आहे. स्टेशनाजवळची वाचनालयं रात्री दहापर्यंत आणि रविवारी दिवसभर उघडी ठेवा, आणि त्या जादा तासांचा पगार सरकारने द्यावा. तुम्ही वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर असाल, तर पुढच्या बैठकीत हा ठराव मांडाच. आणि तुमच्या हाताखाली चार माणसं काम करत असतील, तर संध्याकाळी सातनंतर त्यांच्या ग्रुपवर काम टाकू नका.