पुढच्या तारखेस अनावृत पत्र

श्रीमती पुढची तारीख यांस,
मुक्काम : शिरूर न्यायालय आणि दौंड न्यायालय, दोन्हीकडे एकाच दिवशी.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, पुणे ग्रामीण पोलिसांच्या पाषाण रस्त्यावरच्या मुख्यालयात काही माणसं रोज आपल्याला टाळण्यासाठी राबतात आणि आपण काही टळत नाही. बंदी येरवड्याला, खटला शिरूरला, दुसरा बंदी दौंडचा, पुकारा अकराला आणि गाडी एक. हे गणित ज्याच्या गळ्यात, त्याला सगळे नुसतं 'कंट्रोल' म्हणतात.

गाडी मोटार परिवहन विभागाकडून, माणसं राखीव निरीक्षकांकडून, बंदी जेलच्या फाटकातून. तिन्ही एका वेळी एका जागी आली, की कैदी पार्टी निघाली म्हणायचं. येरवड्याहून शिरूर साठेक किलोमीटर. पण मध्ये नगर रस्ता आहे.

'पार्टी, लोकेशन?'

'वाघोली.'

'मघाशी पण वाघोलीच होतं की!'

'मघाशी अलीकडची होती साहेब, आता पलीकडची.'

कोर्टातून पैरवी अंमलदाराचा फोनवर फोन. पुकारा होतो तेव्हा गाडी शिक्रापूरच्या चौकात. आरोपी गैरहजर, वकिलांनी डायरी उघडली, आपण प्रकट! आवारात पिशवीत भाकरी घेऊन बसलेली आरोपीची आई न्हावऱ्याच्या एसटीत परत चढते. शिव्या मात्र कंट्रोलच्या नावानं.

आपला खरा मोसम बंदोबस्ताचा. आषाढीत तुकोबांची पालखी यवतला, वरवंडला मुक्कामी, की पार्टीतले हवालदार तिकडे. रांजणगावची अंगारकी, गणपती, निवडणूक आहेतच. १ जानेवारीला पेरण्याच्या विजयस्तंभापाशी लाखोंची गर्दी होते. नगर रस्ता बंद ठेवून नगरकडची वाहतूक शिरूर, न्हावरा, चौफुला, यवत, हडपसर अशी वळवतात. एरवी भीमेच्या दोन काठांवर आपापल्या तोऱ्यात राहणारे शिरूर आणि दौंड हे तालुके त्या दिवशी एकाच कोंडीत नांदतात. दौंडची तर और तऱ्हा. राज्य राखीव दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ या गावात आहेत, रस्त्यावर खाकीला तोटा नाही. पण ते राज्यभरच्या बंदोबस्तासाठी. गावच्या कोर्टात बंदी आणायला चार माणसं हवीत, तर मागणी पाषाणला!

आपली कीर्ती आता दिल्लीपर्यंत पोचली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला आढळलं, की सहा वर्षांत १०२ तारखा पडल्या आणि त्यांतल्या बहुतेक तारखांना आरोपी ना समक्ष हजर होता, ना पडद्यावर. शतक ठोकल्याबद्दल अभिनंदन. चाहत्यांचीही ददात नाही : २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले ७५.८ टक्के कच्चे कैदी, म्हणजे आपल्याच वाटेकडे डोळे लावून बसलेले.

आपल्याला आवर घालायला व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंग, आणली. कोठडी वाढवायला पडदा २००९च्या अखेरीपासून चालतो. १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कलम १८७नं तेच ठेवलं. पोलीस कोठडीसाठी मात्र आरोपी समक्षच लागतो. आता कंट्रोलला काय काम, असं वरच्यांना वाटू लागलं. पण पडद्यावर आरोपीचे ओठ हलतात, आवाज मागाहून येतो, कधी येतच नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात वकिलाच्या कानात दोन शब्द बोलता येतात, आईला पोरगा वाळलाय की बरा आहे ते दिसतं. ती सोय व्हीसीत नाही, आणि तिची मागणी करायला अर्जाचा नमुनाही नाही.

बड्यांच्या वाटेला आपण जात नाही, हे मात्र मानलं पाहिजे. मे १९३० मध्ये कराडीला पकडलेल्या गांधीजींना सरकारनं बोरिवलीला आगगाडीतून उतरवून मोटारीनं येरवड्याला आणलं. गाडी नाही, माणसं नाहीत, पुढच्या आठवड्यात बघू, असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. आजही गाजलेला आरोपी असला की मागेपुढे गाड्या लागतात. आपण गाठता ते मोबाइलचोराला, ज्याला जामीन मिळून जामीनदार मिळत नाही अशाला.

पार्टीची माणसं बंदोबस्ताच्या यादीतून वगळा, असं वर सांगून झालं. म्हणून आता आपल्यालाच विनंती, की शिरूरला आणि दौंडला निदान वेगवेगळ्या वारी यावं. आणि यायचंच असेल तर आदल्या संध्याकाळी कळवावं. गाडीचं पासिंग बाकी आहे.

आपला नम्र,
कंट्रोलच्या वतीनं एक हितचिंतक

प्रत : नगर रस्ता, वाघोली ते शिक्रापूर. (सवडीनं पोचली तरी चालेल.)