दलाल नसलेलं क्रियापद

नागपूरच्या लकडगंजात विचार करायचा असेल तर रात्री करावा. दिवसा आरामशिनी चालू असतात. सागवानाच्या ओंडक्यात पातं शिरलं की जी किंकाळी उठते, तिच्यापुढे माणसाला स्वतःच्या मनातलं ऐकू येत नाही. वर भुसा. तो खिडकी बंद केली तरी घरात येतो, पापण्यांवर बसतो, चहात पडतो आणि दोरीवरच्या बनियनला सागवानी रंग देतो. अशा वस्तीत राहून माझा भाचा बँकेच्या परीक्षेसाठी ‘कॉन्टेम्प्लेट’ या क्रियापदाचा वाक्यात उपयोग करत होता.

क्रियापदाचा अर्थ त्याला पाठ होता : खोल विचार करणे. घोडं अडलं होतं ते वाक्यात. त्यानं लिहिलं, ‘आय ॲम कॉन्टेम्प्लेटिंग अबाउट टु बाय अ बाइक.’ गाइडाच्या मागच्या पानावरचं बरोबर वाक्य होतं, ‘आय ॲम कॉन्टेम्प्लेटिंग बायिंग अ बाइक.’ म्हणजे अबाउटही गेला आणि टु पण गेला. भाचा भडकला.

“मामा, अबाउट काहून काढला? कशाबद्दल विचार करून राहिलो, ते सांगायचंच नाही का?”

पोराचा राग मला पटला. आपण मराठीत विचार एखाद्या गोष्टीचा करतो, गोष्टीवर करतो, गोष्टीबद्दल करतो. मध्ये काहीतरी लागतंच. काहीच न लावता ‘मी गाडी विचारली’ म्हणा, शोरूमवाला किंमत सांगून मोकळा होईल. वाक्याचा पहिला अर्धा भाग मात्र त्याचा बिनचूक होता, आणि त्याचं श्रेय नागपूरला. आमच्याकडे कोणी नुसता विचार करत नाही, विचार करून राहिलेला असतो. त्यामुळे ‘आय ॲम अमुकिंग’ हे रूप आम्हाला शिकवावं लागत नाही, उलट आवरावं लागतं. ‘समजून राहिलं’ म्हणणारा माणूस बेधडक ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ म्हणतो आणि समोरच्या इंग्रजाला सोडून सगळ्यांना ते समजतं.

अबाउटची गोष्ट मी भाच्याला आमच्या बाजाराच्या भाषेत सांगितली. लाकडाच्या धंद्यात वखारवाला आणि गिऱ्हाईक यांच्या मधे दलाल असतो, तसे हे अबाउट, ऑन, ओव्हर. ‘थिंक’चा सौदा अबाउट किंवा ऑफ या दलालाशिवाय सहसा होत नाही. ‘रिफ्लेक्ट’ला ऑन लागतो. ‘पाँडर’ मर्जीचा मालक आहे, कधी ओव्हर घेतो, कधी ऑन, कधी थेट व्यवहार करतो. पण ‘कॉन्टेम्प्लेट’, ‘कन्सिडर’ आणि ‘डिस्कस’ हे तिघे दलालाला दारात उभं करत नाहीत. आपला सारा देश ‘डिस्कस अबाउट’ करतो ही गोष्ट वेगळी. त्या दलालीचा आकडा कोणी काढलेला नाही म्हणून बरं.

कोणत्या क्रियापदाला काय चालतं, याची चोपडी मांडणाऱ्यांत ए. एस. हॉर्नबी हे मोठं नाव. हा इंग्रज मास्तर जपानात शिकवत होता. शब्दाचा अर्थ कळूनही परक्या माणसाला वाक्य जमत नाही, हे ओळखून त्यानं कोशात क्रियापदांचे साचे दिले. कोश छापून निघाला टोकियोत, १९४२ साली. म्हणजे जपान आणि इंग्लंड यांची जुंपलेली असताना इंग्रजी क्रियापदांचा हिशेब जपान्यांनी छापला. पुढे १९४८ मध्ये तो ऑक्सफर्डने काढला. आमच्या घरी इंग्रजी व्याकरणाचे तर्खडकर आहेत, रेन आणि मार्टिन आहेत, पण ‘अबाउट काहून नाही’ याचं उत्तर हॉर्नबीच्या वळणाच्या कोशातच लवकर सापडतं.

तरी भाच्याचं समाधान होईना. त्याला खरोखरीचं वाक्य हवं होतं, कोणीतरी खरोखर वापरलेलं. ते निघालं आमच्या शेजारच्या निवृत्त हेडक्लार्क काकांकडे. काकांनी जन्मभर निलंबनाचे आदेश टाइप केले. इंग्रजी आम्हा सगळ्यांसारखंच, पण हे एक क्रियापद त्यांच्या बोटांत बसलेलं. महाराष्ट्र नागरी सेवेचे शिस्त व अपील नियम, साल १९७९, नियम ४. काकांनी डोळे मिटून म्हटलं, “डिसिप्लिनरी प्रोसीडिंग इज कॉन्टेम्प्लेटेड ऑर इज पेंडिंग. कुठं अबाउट दिसला तुले?”

“म्हणजे विचार सुरू आहे?” भाच्यानं विचारलं.

“साहेबाचा विचार सुरू. बाबूचं चिंतन सुरू.”

इतकं ठसठशीत उदाहरण गाइडात मिळायचं नाही. पण बाइकच्या वाक्याशी ते जुळेना. बाइकसाठी कोणी कर्मचाऱ्याला निलंबित करत नाही. निदान बाइक स्वतःच्या पैशाची असेल तर.

शेवटी मी त्याला वखारीत नेलं. तिथले कच्छी शेठ ओंडका घेताना बघण्यासारखे असतात. आधी बुडाकडची कापलेली बाजू बघतात, गाभा पोकळ आहे का ते. मग काठीनं दोन ठिकाणी ठोकतात आणि कान देतात. मधोमध घेर मोजतात, त्याचा चौथा हिस्सा घेतात, वर्ग करतात, लांबीनं गुणतात. हे सगळं तोंडी, पान खाताखाता. आणि आकडा आल्यावर काहीच बोलत नाहीत. ओंडक्याकडे एकटक बघत उभे राहतात. या लाकडातून किती चौकटी निघतील, किती भुसा होईल, पैसा कधी सुटेल, ते सगळं त्या बघण्यात. दलाल शेजारीच असतो, तोही तेवढा वेळ गप्प.

इंग्रजीत या क्रियापदाचा दुसरा अर्थ हाच आहे, टक लावून बघत राहणे. भाच्यानं तिथंच मोबाइलवर लिहिलं, ‘द ट्रेडर कॉन्टेम्प्लेटेड द लॉग.’ एकही दलाल नाही. शेठना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “बराबर है, लेकिन भाव नहीं लिखा.”

परीक्षेला बसणाऱ्या इतरांसाठी सांगून ठेवतो. या क्रियापदापुढे सरळ नाम ठेवा, नाहीतर क्रियापदाला आयएनजी लावून ठेवा. टु नको, अबाउट नको. अबाउट फार आवडत असेल तर ‘थिंक’ वापरा, त्याला ते चालतं. बँकेच्या पेपरात उत्तर चुकलं तर पाव गुण कापतात. सरकारी कचेरीत हेच क्रियापद बिनचूक वापरलं, तर समोरच्याचा निम्मा पगार जातो.