फसलेल्या केकचा पंचनामा

घरचा केक फसतो तो बहुधा ठरलेल्या रीतींनी. मध्ये खड्डा पडतो, माथा फुगून तडकतो, आतला भाग गच्च राहतो, तळ भांड्याला धरून बसतो किंवा सगळी टूटीफ्रूटी खाली जाऊन गोळा होते. आमटी खारट झाली तर पाणी वाढवता येतं, आंबट झाली तर गूळ घालता येतो आणि फारच पातळ झाली तर ‘आज सारच केलंय’ असं जाहीर करता येतं. केकला ही सोय नाही. भांडं आत गेलं की करणाऱ्याचा अधिकार संपतो. दोष सापडतात ते नंतर, आणि उपयोगी पडतात ते पुढच्या केकला.

पहिला संशय वाटीवर घ्यावा. कृतीतला कप २४० मिलिलिटरचा असतो. घरात मात्र आमटीची वाटी, श्रीखंडाची वाटी आणि कुणाच्या तरी मुंजीत मिळालेली नाव कोरलेली वाटी यांपैकी जी घासलेली असेल ती त्या दिवशीचं माप ठरते. चाळलेला मैदा कपात अलगद भरला तर साधारण १२० ग्रॅम होतो. कप डब्यात खुपसून, वर ठोकून भरला तर १५० ग्रॅम. म्हणजे दोन कपांच्या कृतीत अर्धा कप मैदा कुणाला न सांगता शिरतो आणि केक कोरडा, जड होतो. वजनकाटा वापरला तर हा प्रश्नच उरत नाही. काटा पुष्कळ घरांत असतोही, पण तो डाएटच्या काळात घेतलेला असतो आणि डाएटच्या पाठोपाठ माळ्यावर गेलेला असतो.

त्यानंतर येतं ‘खोलीचं तापमान’. लोणी खोलीच्या तापमानाला असावं, असं लिहिणाऱ्याच्या खोलीत वीस-एकवीस अंश असतात. नागपुरात मे महिन्यात ही सूचना पाळली तर लोण्याचं तेल होतं. लोणी आणि साखर फेसताना साखरेच्या कडांमुळे लोण्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही, असलेल्यांनाच फुगवते. लोणी पातळ झालं की हवा निसटते, मग पावडरीला फुगवायला फारसं काही उरत नाही आणि केक गच्च होतो. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा पण बोट माखू नये, इतपत मऊ लोणी योग्य. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते फ्रिजमधून काढल्यावर काही मिनिटांतच या अवस्थेला येतं आणि काही मिनिटांतच ती ओलांडतं. अंड्यांचं उलट: फ्रिजमधली गार अंडी थेट घातली की फेसलेलं लोणी फाटल्यासारखं दिसू लागतं. आपल्याकडची साखर जाड दाण्याची असते. तिचे दाणे न विरघळता राहिले की केकच्या वरच्या पापुद्र्यावर ठिपके उमटतात. ती मिक्सरमधून फिरवून घेतलेली बरी.

मधल्या खड्ड्यामागे बहुतेक वेळा उदारपणा असतो. थोडी बेकिंग पावडर घातल्याने केक थोडा फुगतो, म्हणून जास्त घातली तर जास्त फुगेल, हा तर्क वरवर बिनचूक आहे. प्रत्यक्षात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, केक घाईने वर येतो आणि त्याच्या भिंती पक्क्या होण्याआधीच कोसळतो. एक कप मैद्याला एक ते सव्वा टीस्पून पावडर पुरते. टीस्पून म्हणजे पाच मिलिलिटर, पोह्यांचा चमचा नव्हे. खाण्याचा सोडा पाव टीस्पून, आणि तोही दही, ताक किंवा लिंबू असं काही आंबट सोबत असेल तरच. आंबट नसेल तर उष्णतेने त्याचा सोडियम कार्बोनेट होतो. हाच धुण्याचा सोडा. केकला साबणाची चव येते आणि पाहुणे ‘काहीतरी वेगळं लागतंय’ म्हणतात. मराठी सभ्यतेत खाण्याच्या पदार्थाबद्दल याहून कडक बोलण्याची पद्धत नाही.

पावडर मेलेली असण्याची शक्यताही तपासावी. उघडलेला डबा सहाएक महिने चालतो. घरात तो मागच्या नाताळापासून असतो. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकली आणि फसफसली नाही, तर ती फेकावी. ढोकळ्यासाठी आणलेलं ईनो केकला चालतं, पण त्यात सोडा आणि सायट्रिक आम्ल एकत्रच असल्याने पाणी लागताच त्याचं काम सुरू होतं. ते घालून मिश्रण थांबवून ठेवणं आणि मग ‘ओव्हन तापलाय का?’ असं विचारणं यात जे काही फुगायचं ते बाहेरच फुगून जातं. महाबळेश्वरला आणखी एक अडचण आहे. तेराशे मीटरच्या वर हवेचा दाब कमी, त्यामुळे केक लवकर फुगतो आणि लवकर बसतो. तिथे पावडर थोडी कमीच घालावी.

खड्ड्याचं दुसरं कारण म्हणजे माया. केकमधलं पिष्ट पाणी शोषून घट्ट होतं, अंड्यातलं प्रथिन आळतं, आणि तेव्हा कुठे केक स्वतःच्या पायावर उभा राहतो. त्याआधी दार उघडलं की गार हवेने आतले बुडबुडे आकसतात. ठरलेल्या वेळेचा दोन-तृतीयांश भाग सरेपर्यंत उघडू नये, हा नियम एकत्र कुटुंबात पाळला जाणं अवघड आहे. तिथे प्रत्येक जण एकेकदाच बघतो.

कुकरमधल्या केकचे दोष मात्र वेगळे मोजावे लागतात. रिंग आणि शिट्टी काढायची, पाणी घालायचं नाही, तळाशी मीठ किंवा वाळू पसरायची, स्टँडवर भांडं ठेवायचं आणि दहा मिनिटं तापवून गॅस बारीक करायचा. सवयीने रिंग लावली गेली तर वाफ कोंडून केकवर पाणी ठिबकतं, आणि कोरड्या उष्णतेने रिंगही बिघडते. या केकचा तळ करपतो आणि माथा पांढरा राहतो, कारण उष्णता जवळपास सगळी खालूनच येते. गोव्यात बेबिंकाचे थर जुन्या रीतीने भाजताना निखारे वर ठेवतात, आणि म्हणून प्रत्येक थर वरून खरपूस होतो. कुकरच्या झाकणावर तसा प्रयोग करू नये. माथा पांढरा म्हणजे केक कच्चा असं नसतं. सुरी मध्यभागी घालून कोरडी निघाली तर तो झालेला असतो. वापरलेलं मीठ पुढच्या केकसाठी वेगळ्या बरणीत ठेवावं, आणि बरणीवर तसं लिहावं.

ओटीजीत वरची आणि खालची दोन्ही कॉईल चालू हवी, भांडं मधल्या कप्प्यात हवं. बटणावर १८० लिहिलेलं असलं म्हणजे आत १८० असतातच असं नाही. शिवाय २३० ऐवजी २०० व्होल्ट आले की कॉईलची उष्णता सुमारे तीन-चतुर्थांशावर येते. कृतीतली पस्तीस मिनिटं गावच्या व्होल्टेजला विचारून लिहिलेली नसतात. उलट आच जास्त झाली किंवा भांडं लहान पडलं तर कडा आधी घट्ट होतात, मधलं मिश्रण वाट शोधत वर चढतं आणि तडकतं. भांडं दोन-तृतीयांशच भरावं. कंडेन्स्ड मिल्कच्या बिनअंड्याच्या केकमध्ये साखर आणि दूध भरपूर, त्यामुळे तो आत शिजण्याआधी बाहेरून काळवंडतो. त्याला १६० ते १७० अंश पुरतात.

मैदा घातल्यावर फार ढवळलं की ग्लुटेन तयार होऊन केक चिवट होतो आणि आत उभे बोगदे पडतात. मैदा दिसेनासा झाला की हात थांबवावा. घरातल्या प्रत्येकाला ‘मी पण थोडं फिरवू का’ ही संधी देऊ नये. टूटीफ्रूटी म्हणजे पाकात मुरवलेली कच्ची पपई. तिला मैदा चोळावा हा सल्ला खरा, पण मिश्रण घट्ट असेल तरच; पातळ मिश्रणात ती मैद्यासकट बुडते. झालेला केक दहा मिनिटं भांड्यातच निवू द्यावा. त्याआधी उलटा केला तर मोडतो, फार उशिरा केला तर कडेची साखर भांड्याला धरते.

एवढं करूनही मोडलेल्या, बसलेल्या किंवा कोरड्या केकचे तुकडे काचेच्या भांड्यात भरून वर कस्टर्ड ओतलं की त्याचं ट्रायफल होतं. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने बायकोला यीस्ट सोसत नाही म्हणून १८४३ मध्ये बेकिंग पावडर बनवली. तिला अंडीही सोसत नसत, म्हणून कस्टर्ड पावडर त्याने १८३७ मध्येच बनवली होती. म्हणजे केक फसवण्याचं साधन येण्याच्या सहा वर्षं आधी त्यावरचा उतारा बाजारात होता. सोडा जास्त झालेल्या केकला मात्र हा उतारा लागू पडत नाही; त्याचं साबणाचं ट्रायफल होतं.